आधी पाय दाखवा

जामनेरमध्ये बाई पळताना दिसली की लोक आधी तिच्या मागे कोण लागले आहे ते बघतात. आमच्या मागे तर खरोखरच कुणीतरी असायचे. आमचे सासरे. सायकलवर, डोक्याला मफलर, कॅरिअरला कुत्र्यांसाठी काठी. ते आमच्याकडे बघत नसत, आम्ही त्यांच्याकडे बघत नसू. फजरनंतरच्या अंधुक उजेडात पहूर रस्त्यावर पुढे दोन बायका आणि पन्नास पावले मागे एक म्हातारा, अशी ही वरात दीड वर्ष चालली.

आम्ही दोघी जावा. थोरली बेचाळीस वर्षांची, घरी शिलाईकाम करते. धाकटी पस्तिशीची, शाळेत शिकवते. हा मजकूर धाकटीने लिहिला आहे आणि थोरलीने शेजारी बसून त्यातला निम्मा खोडायला लावला आहे, म्हणून ‘आम्ही’.

गोष्ट सुरू होते ती अम्मींच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या पायापासून. 2022 चा मे महिना. ईद होऊन दोन आठवडे झाले होते आणि गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. खान्देशातले मे महिन्याचे ऊन काय असते ते आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी नळाचे पाणीसुद्धा चहाला चालेल असे येते. अम्मी अनवाणी गच्चीवर गेल्या, तापलेल्या फरशीवर उभे राहून त्यांनी सगळ्या कुरडया उलटल्या, खाली आल्या आणि जेवल्या. अस्रच्या वजूला बसल्या तेव्हा डाव्या तळव्याला पाण्याने टरारलेला फोड दिसला.

“दुखत नाही गं,” त्या म्हणाल्या. दुखत नाही म्हणजे काही नाही, असे आम्हीही समजलो. हळद लावली आणि कामाला लागलो.

दुखत नव्हते हीच तर घाबरण्याची गोष्ट होती. सोळा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. चटका बसला तरी पायाकडून वर निरोपच जात नव्हता. त्यात पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला, त्यामुळे जखम भरेना. तीन आठवड्यांत अंगठा काळा पडला. जूनच्या शेवटी जळगावला गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या तीन आठवड्यांत घरात आम्ही सात माणसे होतो. कुणी एकानेही रोज खाली वाकून तो तळवा पाहिला नव्हता. हे लिहायला सोपे वाटत नाही, पण खरे आहे.

पुढच्या फेब्रुवारीत थोरलीच्या रक्ताचा अहवाल आला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, 8.4. साडेसहा आणि त्याच्या पुढे मधुमेह धरतात. तिच्या माहेरी वडिलांना होता, तेव्हा आभाळ कोसळले असे नाही, पण घरात कुणी तिच्याकडे सरळ बघेना. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. हे डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, दुकानदार ‘पुन्हा या’ म्हणतो तसे. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. नायलॉनच्या एका बारीक धाग्याने तिच्या तळव्याला ठिकठिकाणी टोचून ‘कळतंय का’ विचारले. सगळीकडे कळले. उजव्या अंगठ्याखालच्या एका जागी कळले नाही.

घरी आल्यावर अम्मींनी सगळे ऐकून घेतले. तेव्हा त्या वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरत. म्हणाल्या, “उद्यापासून जा. माझा पाय गेला तो चालून नाही गेला. आणि तू,” हे धाकटीला, “तू पण जा. ही एकटी चार दिवस जाईल आणि पाचव्या दिवशी शिलाईचं काम काढील.” मग त्यांनी अट घातली. परत आल्यावर पहिल्यांदा पाय दाखवायचे. चहा नंतर, नाश्ता नंतर, पोरांचे डबे नंतर. प्लास्टिकच्या स्टुलावर त्या बसत, नाकावर चष्मा, हातात मोबाइलची बॅटरी. आमचे पाय आपल्या मांडीवर घेऊन तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा बघत. सासूच्या मांडीवर पाय ठेवायचा! पहिल्या आठवड्यात आम्हाला इतका संकोच वाटायचा की आम्ही पाय तीन-तीनदा धुऊन जायचो. त्यांना त्याचे काही नव्हते. कापड निवडणाऱ्या माणसासारख्या त्या पाय निवडत.

सुरुवातीला आम्ही बुरख्यात चालायला जात होतो. पी.जे.च्या स्टेशनाकडे. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी गाडी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच, त्यामुळे त्या बाजूला वर्दळ कमी. तिसऱ्या आठवड्यात थोरलीचा पाय बुरख्याच्या घेरात अडकला आणि ती खडीवर हातावर पडली. त्या दिवशी तिने मशीनवर बसून दोघींसाठी गुडघ्याखाली येणारे सैल कुर्ते शिवले, दोन्ही बाजूंनी फाट देऊन, खाली सैल पायजमे आणि मानेभोवती नीट पिना लावता येईल असे स्कार्फ. बाजारात मिळतात त्यापेक्षा ते बरे आहेत असे आमचे मत आहे. आता तिच्याकडे तसल्या कुर्त्यांची मागणी येते.

मोहल्ल्यात बोलणे झालेच. चालताना बोलले नाहीत, पळायला लागलो तेव्हा बोलले. चालणे म्हणजे आजार, पळणे म्हणजे हौस, असा लोकांचा हिशेब. एक जण अब्बांना दुकानात म्हणाले, “चाचा, सुना रस्त्यावर पळतात?” अब्बा कमी बोलतात. त्यांनी फक्त विचारले की, प्यारे नबी (स.) आणि हजरत आयशा (र.अ.) यांच्या शर्यतीची हदीस वाचली आहे का? पहिल्यांदा त्या जिंकल्या होत्या, नंतर अंग भरल्यावर हरल्या. अबू दाऊदमध्ये आहे, बघून या. ते गृहस्थ बघून आले की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अब्बा सायकल घेऊन आमच्या मागे निघाले. कुत्र्यांसाठी, असे ते म्हणाले.

पळणे ठरवून सुरू झाले नाही. एका सकाळी धाकटीला शाळेला उशीर होत होता, म्हणून परतीचा अर्धा किलोमीटर आम्ही पळत आलो. छाती फुटेल असे वाटले आणि दिवसभर अंग हलके राहिले. मग विजेच्या दोन खांबांमधले अंतर पळायचे, पुढचे दोन खांब चालायचे असे करत गेलो. जूनपर्यंत न थांबता दोन किलोमीटर. थोरलीची बहीण जळगावला मेहरूणमध्ये राहते. सुट्टीत तिच्याकडे गेलो की सकाळी मेहरूण तलावावर जायचे. तिथे पहिल्यांदा आम्ही बायका पळताना पाहिल्या, खऱ्या बुटांत, मनगटावर घड्याळ लावून, आणि कुणीही त्यांच्याकडे वळून बघत नव्हते. पावसाळ्यात तलाव भरलेला असला, पाण्यावरून गार वारा येत असला की दोन तास कसे जातात कळत नाही. जळगावच्या उन्हात ते पाणी म्हणजे गावाला मिळालेली एक मोठी सावलीच आहे. तिथल्या बायकांमुळेच हिवाळ्यात ‘खान्देश रन’मध्ये आम्ही दहा किलोमीटर पळालो. आणि त्यांच्यातल्या एकींनी साताऱ्याचे नाव काढले.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. अंतर 21 किलोमीटरांहून थोडे अधिक. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराच्या दिशेने जायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे. म्हणजे साधारण अर्धी वाट चढ, अर्धी उतार. 2015 मध्ये डोंगरावरच्या धावण्यात सर्वांत जास्त धावपटू म्हणून या शर्यतीचे नाव गिनीज बुकात गेले. हे ऐकून आम्ही हसलो. जामनेरात चढ म्हणजे पुलावरचा. पण त्या बाईंनी नोंदणी कधी उघडते ते सांगितले, लवकर भरते असेही सांगितले, आणि धाकटीने घरात कुणाला न विचारता दोघींची फी भरून टाकली. फी परत मिळत नाही हे कळल्यावर विरोध मावळला. आमच्या घरात पैसे फुकट घालवणे हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

चढाचा सराव कुठे करायचा? आमच्यापासून पहूर, वाकोद, फर्दापूर, की पुढे अजिंठ्याचा घाट. आमच्या आजेसासऱ्यांच्या काळात फर्दापूर निजामाच्या राज्यात होते आणि जामनेर इंग्रजांच्या खान्देशात. पलीकडे जायचे म्हणजे परराज्यात जायचे. आम्ही रविवारी पहाटे थोरलीच्या शौहरांच्या गाडीतून जात असू. लेणी बघायला लोक जगभरातून येतात, आम्ही लेण्यांच्या फाट्यावरून नुसत्या पुढे जायचो आणि घाटात उतरायचो. ट्रक फार. म्हणून उजाडता उजाडता सुरू करून रहदारी वाढायच्या आत संपवायचे, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरचे वाहन दिसेल असे पळायचे, आणि गाडी दिवे लावून मागे.

त्या घाटाने शिकवले ते असे. चढावर पावले लहान टाकायची, नजर वळणाच्या शेवटी न ठेवता आठ-दहा पावलांवर ठेवायची, दम तुटला तर लाज न धरता चालायचे. चढ छातीला लागतो. पण नासाडी करतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार अडवत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. बोटे बुटाच्या टोकाला आपटतात, नखे काळी पडतात. उपाय साधे आहेत. नखे कापलेली, बूट अर्ध्या बोटाने मोठा, घोट्याशी नाडी आवळलेली. साखरेच्या बाबतीत थोरलीला डॉक्टरांनी आधीच बजावले होते. तिच्या गोळ्यांपैकी एक अशी होती की मेहनतीच्या वेळी तिच्याने साखर एकदम खाली येऊ शकते. तिचा डोस आणि वेळ त्यांनी बदलून दिली, आणि खिशात खजूर ठेवायचेच, थरथर किंवा घाम फुटला की थांबून खायचे. मधुमेह असलेल्या ज्या बहिणी हे वाचून पळायला निघतील त्यांनी गोळ्यांचे आमचे बघून काही करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. पळाल्यावर काही तासांनीही साखर उतरते, हे आम्हाला एका रात्री दोन वाजता कळले.

रमजान त्या वर्षी मार्चमध्ये आला. महिनाभर पळणे बंद, तरावीहनंतर गल्लीत नुसत्या फेऱ्या. ईदनंतर पुन्हा सुरुवात केली तेव्हा उन्हाळा पेटलेला. पहाटे साडेपाचला निघूनही परतताना डांबराचा वास यायचा. जुलैत थोरलीचा आकडा 6.7 आला. अम्मींनी तो अहवाल उलटा-सुलटा करून पाहिला, त्यांना वाचता येतो तेवढाच भाग, म्हणजे आकडा, पुन्हा पुन्हा वाचला, आणि उशीखाली ठेवला.

ऑगस्टच्या 11 तारखेला घरातले सगळे टीव्हीसमोर होते. पॅरिस ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. पुरुषांची मॅरेथॉन शेवटी ठेवायची जुनी रीत मोडून तिथे पहिल्यांदाच बायकांची मॅरेथॉन शेवटी ठेवली होती, आणि मार्ग होता व्हर्सायला जाऊन येण्याचा. 1789 मध्ये पॅरिसच्या बायका भाकरीसाठी राजाच्या दारात चालत गेल्या होत्या, त्या वाटेची आठवण म्हणून. तोही चढ-उतारांचाच मार्ग. हॉलंडची सिफान हसन शेवटच्या वळणावर पुढे निघाली आणि 2 तास 22 मिनिटे 55 सेकंदांत जिंकली, दुसरीच्या फक्त तीन सेकंद आधी. त्याच ऑलिंपिकमध्ये ती आधी पाच हजार आणि दहा हजार मीटर पळून दोन कांस्यपदके घेऊन बसली होती. समारोपात पदक घ्यायला आली ती डोक्याला हिजाब बांधून. आमच्या पोरी ओरडल्या. अम्मी म्हणाल्या, “हिचे पाय कोण बघत असेल गं?”

त्या रात्री त्या बराच वेळ हजबद्दल बोलत राहिल्या. 2011 मध्ये दोन्ही पायांवर जाऊन आल्या होत्या. “सफा आणि मरवा, त्या पण टेकड्याच,” म्हणाल्या. “हाजराबीबी लेकरासाठी पाणी शोधत सात खेपा पळाली. लोकांना वाटतं बाईचं पळणं आज निघालं.”

सातारला जायला जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची, एकाच गाडीत रात्रभराचा प्रवास. अब्बा आणि थोरलीचे शौहर सोबत आले. अम्मी घरी थांबल्या. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षातून येताना समोर अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडालेला. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. आणि इथे थोरलीने चूक केली. आपले रोजचे मोजे पातळ आहेत, पावसात पाय गारठतील, असे मनात घेऊन तिने बाजारातून नवे जाड मोजे घेतले. शर्यतीच्या दिवशी अंगावर एकही नवी वस्तू नको, हे आम्हाला मेहरूणवरच्या बायकांनी किमान दहा वेळा सांगितले होते. धाकटीने पाहिले, तिला वाटले बोलावे, पण रात्री दहा वाजता थोरल्या जावेशी मोज्यांवरून कोण वाद घालणार!

सकाळी फजर लॉजवरच अदा केली आणि निघालो. हजारो माणसे. भुरभुर पाऊस. ललिता बाबर याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोही गावची; 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली होती. तिच्या जिल्ह्यात पळणाऱ्या बाईकडे कुणी टक लावून बघत नाही, हे निघाल्यापासून जाणवले. बघतात ते टाळ्या वाजवण्यासाठी. पोवई नाक्यापासून वरती गावभर लोक रस्त्याच्या कडेला, ढोल-ताशे, लेझीम, दारात उभ्या आजीबाई. एक छोटी मुलगी हात पुढे करून उभी होती, प्रत्येकाने टाळी द्यायची. आम्हीही दिली. शहरातला रस्ताच मुळी चढाचा आहे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

समर्थ मंदिराच्या चौकातून पुढे घाट सुरू झाला आणि ढोल मागे राहिले. मग फक्त श्वासांचा आवाज आणि बुटांचा. एका बाजूला खडक, त्यावरून पाणी वाहत होते. दुसऱ्या बाजूला ढग फाटला की खाली सातारा दिसायचे, ओल्या कौलांचे, आणि पलीकडे किल्ला. अजिंठ्याच्या घाटापेक्षा हा मऊ वाटला. कदाचित ट्रक नसल्यामुळे असेल. आम्ही चार मिनिटे पळायचो, एक मिनिट चालायचो. माथ्यावर वाऱ्याने स्कार्फ कानावर फडफडायला लागले. वळसा घेण्याच्या जागेच्या अलीकडे एका टेबलावर केळ्यांचे तुकडे ठेवले होते. धाकटी म्हणाली, जळगावची असतील. थोरली म्हणाली, नसली तरी खा. थोरलीने एक खजूरही खाल्ला. वळसा घेतला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून विनाकारण हसत होतो. आता उतारच होता.

उतारावर थोरली पुढे गेली. ती चांगली उतरते. तेराव्या किलोमीटरच्या पुढे धाकटीच्या लक्षात आले की तिचे उजवे पाऊल जरा बाहेर पडते आहे. विचारले तर म्हणाली, मोजा ओला झालाय, आत चुरगळलाय. थांबून नीट कर म्हटले तर नाही थांबली, लय सापडली होती म्हणे. सोळावा किलोमीटर संपला. पुन्हा विचारले. ती पळतच म्हणाली, “दुखत नाही गं.”

धाकटीने तिचा दंड धरला आणि तिला रस्त्याच्या कडेला ओढले. मागचे चार-पाच लोक आमच्यावर आदळता आदळता राहिले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. काही बोलायचे राहिले नव्हते. गच्चीवरून उतरलेल्या अम्मींचे शब्द दोघींनाही पाठ होते.

थोड्या अंतरावर प्रथमोपचाराची जागा होती, तिथवर चालत गेलो. मोजा काढला तो तळाशी लाल. अंगठ्याखाली, धागा कळला नव्हता नेमक्या त्या जागेच्या आसपास, रुपयाएवढे कातडे सोलून निघाले होते. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने जखम धुतली, मधुमेह आहे कळल्यावर चष्मा वर करून पुन्हा पाहिली. पट्टी बांधून म्हणाली, “पुढं जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझी आई असती तर मी जाऊ दिलं नसतं.” जवळजवळ पाच किलोमीटर उरले होते. त्यातला बराचसा उतार, मग गाव, ढोल, आणि पदक. दीड वर्ष. थोरली दोन मिनिटे खाली बघत बसली. रडली नाही, असे ती म्हणते. पावसात कळले नाही, असे धाकटी म्हणते.

“मी गाडीतून येते,” ती म्हणाली. “तू जा.”

धाकटी नको म्हणाली. तिला खरेच जायचे नव्हते.

“दोघींची फी भरलीस तेव्हा विचारलं होतंस का मला? एकीची तरी वसूल कर. जा.”

तिथून पुढचे जवळजवळ पाच किलोमीटर या लेखातला ‘आम्ही’ खोटा आहे. धाकटी एकटी पळाली. गावात लोक तसेच टाळ्या देत होते, ती मुलगी तशीच हात पुढे करून उभी होती. 2 तास 51 मिनिटे झाली. शेवटच्या कमानीखाली गळ्यात पदक पडले तेव्हा तिला फक्त एवढेच दिसले की थोरली आधीच येऊन पोहोचली आहे, अब्बांच्या चपला घालून उभी आहे, आणि अब्बा शेजारी अनवाणी.

दुसऱ्या दिवशी गाडी करून कासला गेलो. पश्चिम घाटातल्या ज्या जागा 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत हे पठार आहे. फुले नुकती लागत होती, जांभळे ठिपके कुठे कुठे. पण आमचे मन तलावावर बसले. सातारा शहराला पाणी येते ते या कास तलावातून. तिन्ही बाजूंनी रान, पाण्यावर धुके, आणि एवढी शांतता की धुक्यातून बोलणाऱ्याचा आवाज आधी यायचा आणि माणूस नंतर दिसायचा. काठाने लांबवर चालायचे असे घरून ठरवून निघालो होतो. थोरलीच्या पायाला पट्टी, वर पावसासाठी बांधलेली प्लास्टिकची पिशवी. ती एका दगडावर बसून राहिली. धाकटीही गेली नाही. अब्बा मात्र काठाकाठाने बरेच पुढे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, “मेहरूणपेक्षा थंड आहे.” एवढेच.

अम्मींना फोनवर काही सांगितले नव्हते. ‘झालं, दोघी ठीक आहोत’ इतकेच. घरी पोहोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. पोरी पदकावर तुटून पडल्या. अम्मी स्टुलावर बसलेल्याच होत्या, चष्मा लावून.

“आधी पाय दाखवा.”

थोरलीने मोजा काढला. अम्मींनी पट्टी सोडवली, बॅटरीचा उजेड टाकला आणि फार वेळ पाहिले. रागावल्या नाहीत. विचारले, “कुठं थांबलीस?”

“सोळा संपले तेव्हा.”

“दुखत होतं?”

“नाही.”

“मग कळलं कसं?”

थोरलीने धाकटीकडे बोट दाखवले. अम्मींनी मान हलवली, आणि बॅटरी न विझवता धाकटीचा पाय मांडीवर ओढून घेतला. डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले होते. “हे जाईल,” म्हणाल्या. “नवं येईल.”

जखम भरायला एकोणीस दिवस लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अम्मी रोज सकाळी पाय बघून पेनाने एक रेघ मारत होत्या. विसाव्या दिवशी रेघ मारली नाही. त्या संध्याकाळी अब्बांनी सायकलीत हवा भरली.